परत्या

उज्ज्वलाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि चहाचं काही न विचारता ती आत गेली. निर्मलाला कळायचं ते कळलं. धाकटी जाऊ म्हणून बावीस वर्षांत ती अवसरीला कितीतरी वेळा आली असेल, पण चपला काढायच्या आत गॅसवर आधण चढलं नाही असं कधी झालं नव्हतं.

तिच्या नवऱ्याला, दादाभाऊला, त्यातलं काही दिसलं नसावं. तो नेहमीसारखा खुर्ची शोधत होता. त्याचा उजवा गुडघा वाकायचा बंद होऊन तेवीस वर्षं झाली होती, त्यामुळे कुणाच्याही घरी गेला तरी त्याला खुर्ची लागायची आणि लोक ती धावत आणून द्यायचे. आज कुणी उठलं नाही. शेवटी पुतण्याने, सूरजने, तोंड न उघडता एक प्लास्टिकची खुर्ची पायानेच त्याच्याकडे सरकवली.

समोर खाटेवर सूरजची बहीण तेजस्विनी बसली होती. मांडीपासून पोटरीपर्यंत जाड निळा पट्टा, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. ऑपरेशनला सोळा दिवस झाले होते. एकोणीस वर्षांच्या पोरीचा चेहरा एवढ्यात केवढासा झाला होता. निर्मलाला वाटलं, उठावं आणि आधी तिच्या केसांना तेल लावावं. पण सगळे बसले होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं, तेव्हा तीही खाली मान घालून बसली.

हौशीराम दादाभाऊचा थोरला भाऊ, तेजस्विनीचा बाप. तो घसा खाकरून बोलायला लागला आणि बोलताना धाकट्या भावाकडे न बघता दाराकडे बघत राहिला.

"पुण्याचा डॉक्टर काय म्हणला ते आधी ऐका. पोरीचं पहिल्यांदा दुखलं, तवा आतली शीर अर्धीच फाटली व्हती. दीड महिना बसवली असती तर आपसूक भरून आली असती. तशीच खेळवली म्हणून उरलेली बी गेली, आन हाडांमधली गादी बी गेली. आता चालंल म्हणतो. पळायचं इसरा, मैदानाचं तर नावच नको." तो थांबला. "मला कुणाशी भांडायचं नाय. मला फकस्त एवढंच सांगा, पहिल्यांदा दुखलं ते कुणाला म्हाईत व्हतं?"

निर्मलाने आपल्या हातातल्या बांगड्या एकदा वर सारल्या आणि खाली आणल्या.

तिला माहीत होतं. मंचरच्या निवड चाचणीच्या नऊ दिवस आधी, सरावानंतर गुडघा टम्म झाला म्हणून तीच पोरीला जीपने नारायणगावला घेऊन गेली होती. डॉक्टरने गुडघा दोन्ही हातांत धरून पुढे-मागे हलवून पाहिला आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: सहा आठवडे मैदान बंद. ती चिठ्ठी तिने त्याच संध्याकाळी नवऱ्याच्या हातात ठेवली. दादाभाऊने ती वाचली, घडी घालून खिशात टाकली आणि म्हणाला, "सूज हाय नुसती. मी अख्खी नोकरी सुजलेल्या गुडघ्यावर केली. अवसरीला कळवू नको, वहिनी उगा घोर लावून घेतील." आणि तिने कळवलं नाही. ही गोष्ट तेव्हापासून ती एकटीच बाळगून होती. कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं, पण रागवायला कुणाला माहीतच नव्हतं.

दादाभाऊला एके काळी दोन तालुक्यांत परत्या म्हणायचे. कबड्डीत चढाईला जाणारा गडी समोरच्या सातजणांत एकटा असतो. तो कितीजणांना शिवला याच्या गप्पा नंतर, आधी तो मध्यरेषेवर परत आला का ते बघायचं. दादाभाऊ परत यायचा. दोघांनी पाय धरले, एकाने कंबर धरली, तरी हा रेषेवर बोट टेकवायचाच, असं जुने लोक अजून सांगतात. पिंपरीच्या एका कंपनीने त्याला संघासाठी कामावर घेतलं. त्याची बातमी कापून ठेवायला घरात आठवड्यातून एकदा पेपर आणला जायचा. बाप भिमा, मेंढरांमागे सारं आयुष्य काढलेला माणूस, मैदानाच्या कडेला काठी टेकून बसायचा आणि चढाईला जाणाऱ्या लेकाला एकच विचारायचा, "दम हाय का?" घाट चढताना खांद्यावर कोकरू दिलेल्या पोरांनाही तो हेच विचारायचा. त्याला 'हाय' एवढंच उत्तर असायचं. त्या घरात जन्मलेल्या एकाही माणसाने त्याला दुसरं उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

निर्मलाच्या वाट्याला आला तो त्याच्या नंतरचा माणूस. लग्न ठरलं तेव्हा गुडघ्यातलं सगळं संपलेलं होतं. कंपनीने त्याला फाटकावर उभा केला, कारण परत न येणाऱ्या चढाईपटूचं दुसरं करायचं काय. त्याने चार महिन्यांत ते सोडलं आणि येडगावला येऊन बसला. तीन वर्षं. धरणाच्या भिंतीकडे तोंड करून ओट्यावर बसायचा. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. एकदा निर्मलाने त्याला विहिरीच्या काठावरून हाताला धरून घरी आणलं होतं आणि दोघांनीही नंतर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मग कुणीतरी शाळेतल्या मुलींच्या सामन्याला पंच म्हणून त्याला ओढून नेलं, आणि त्या दिवशी घरी आल्यावर तो आपणहून म्हणाला, "भाकर वाढ." पोरींनी त्याला वाचवला होता. अठरा-एकोणीस वर्षं तो सर होता. त्याच्या हाताखालच्या तिघी पोलिसात लागल्या, एक राज्याच्या शिबिरापर्यंत गेली. आणि तेजस्विनी चौथीत असताना सरावासाठी म्हणून काकांकडे राहायला आली, ती तिथलीच झाली. निर्मलाला स्वतःचं मूल नव्हतं. लोक त्यावर बोलायचे, ती बोलायची नाही, तिला बोलायची गरजच पडली नव्हती.

"कुणाला म्हाईत असणार भाऊ?" शेवटी अंजनानेच तोंड उघडलं. ती या दोघांची थोरली बहीण, मंचरला दिलेली, मध्यस्थीसाठी सकाळीच येऊन बसली होती. "खेळ म्हणलं की लागतंय. दादाभाऊला बी लागलं व्हतं, तवा कुणी कुणाला जाब विचारला?"

"आत्या, त्यांचं त्यांनी लावून घेतलं व्हतं," सूरज म्हणाला. "हिचं कुणी लावलं? पोलीस भरती तीन महिन्यांवर व्हती. खेळाडू म्हणून जागा ठरल्यातच जमा व्हती."

"म्हंजी काय म्हणायचंय तुला?"

"कबड्डी मंडळाकडं अर्ज करायचा म्हणतोय. लिहून तयार हाय माझ्याकडं. पोरींना कुणाच्या हातात द्यायचं ते तरी लोकांना कळू दे."

दादाभाऊने त्यावर खिशातून एक कागद काढला. निर्मलाला वाटलं, चिठ्ठी. क्षणभर तिला रडू यायचंच बाकी राहिलं. पण तो मोठा कागद होता, टाइप केलेला.

"अर्जाची गरज नाय," तो म्हणाला. आवाज मैदानावरचा, शांत आणि पक्का. "मंडळानं उद्याच बैठक लावलीय. अध्यक्षांनी हा कागूद दिलाय. पोरीनं सही केली तर विषय मिटतो, नाय केली तर मला सोडावं लागंल. मी जबरदस्ती करायला आलो नाय. भाऊ, तू वाच."

हौशीरामने चष्मा लावून वाचला. वाचता वाचता त्याचे ओठ हलत होते. मग त्याने वर पाहिलं, आणि आज सकाळपासून पहिल्यांदाच त्याने दाराऐवजी लेकीकडे पाहिलं.

"ह्यात लिवलंय की सामन्याआधी गुडघा दुखत व्हता, आन तू ते कुणालाबी सांगितलं नाय. खरं हाय का हे, तेजू?"

तेजस्विनीने पट्ट्याची एक कड सारखी केली. "खरं हाय."

"काय?"

"मी सांगितलं नाय कुणाला. सांगितलं असतं तर बसवलं असतं मला."

उज्ज्वला दारात येऊन उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. हौशीरामचा चेहरा बघवत नव्हता. इतके दिवस तो ज्याला धरून राग राग करत होता तो माणूस त्याच्या हातातून निसटला होता, आणि त्या रागाला आता जायला एकच जागा उरली होती.

"म्हंजी तूच केलंस हे," तो म्हणाला. "मी हितं आठ दिस झालं भावाला शिव्या घालतोय. पावण्यारावळ्यांत तोंड वाईट केलं. आन पोरी, तू स्वतःच्या हातानं स्वतःचं वाटोळं करून घेतलंस?"

"ती ल्हान हाय," उज्ज्वला म्हणाली, आणि मग तिची नजर निर्मलावर आली. "पर घरातल्या बाईला दिसायला नको व्हतं? धा वर्षं तुझ्या छपराखाली व्हती, निर्मला. माझ्या पोरीचा गुडघा सुजला, तू रोज तिचं कपडं धुत व्हतीस, आन तुला कळलं नाय?"

या प्रश्नाला तिच्याकडे खरं उत्तर होतं, आणि ते दिलं की काय होईल हेही तिला माहीत होतं. ओट्यावरची ती तीन वर्षं तिच्या डोळ्यांपुढून गेली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या न वाकणाऱ्या पायाकडे बघत होता. एकदा जरी त्याने मान वर केली असती, एकदा जरी म्हणाला असता की राहू दे, मी सांगतो, तर तिने जन्मभर तेवढ्यावर काढलं असतं.

"मला कळलं व्हतं, ताई," निर्मला म्हणाली.

सगळे वळले.

"नऊ दिस आधी मीच नेली तिला नारायणगावला. डॉक्टरनं सहा आठवडे बसवायला सांगितलं व्हतं. चिठ्ठी मी ह्यांच्याकडं दिली. ह्यांनी वाचली. तुमाला कळवू नको म्हणले, म्हणून मी कळवलं नाय. त्या दिवशी मैदानावर दोन चढाया रिकाम्या गेल्या, तिसरी करायची नायतर मरायची, रिकामी आली की बाद. ही माझ्याकडं बघत व्हती. ह्यांनी विचारलं, दम हाय का. ती हाय म्हणली. दुसरं काय म्हणणार व्हती ती? मी तितंच उभी व्हते. मी बी गप ऱ्हायले. पोरीची चूक नाय ह्यात. माझी हाय, आन ह्यांची."

एवढं सगळं एका दमात ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले.

सूरज दादाभाऊपुढे उभा राहिला होता. "तात्या, चिठ्ठी हाय?"

"कसली चिठ्ठी," दादाभाऊ म्हणाला.

तो हे मोठ्याने म्हणाला नाही, रागाने तर नाहीच. पण तो खोटं बोलेल असं निर्मलाला वाटलं नव्हतं. तो गप्प राहील एवढीच तिची भीती होती.

"डॉक्टरला फोन लावू की मग," सूरज म्हणाला. "काकी, नाव सांगा. कळंल लगेच."

"लावू नको," खाटेवरून तेजस्विनी म्हणाली. "आमी गेलो व्हतो नारायणगावला, पर काकीच्या बीपीसाठी. दर महिन्याला जातो. माझा गुडघा कुणी बघितला नाय."

"तेजू," निर्मला म्हणाली.

"काकी, तुमी माझ्यासाठी बोलताय ते कळतंय मला. पर असं काय झालं नाय."

ती तिच्याकडे बघून हे बोलली. सरळ डोळ्यांत बघून. निर्मलाला कळेना की हे कधी ठरवलं असेल पोरीने. दवाखान्यात, की त्याआधी मैदानावर पडल्या पडल्याच. बीपीचं तर किती चपखल होतं. दर महिन्याला त्या खरंच जायच्या, आणि येताना दोघी स्टँडवर उसाचा रस प्यायच्या.

मग अंजनाला जोर चढला. "ऐकलंस ना भाऊ? आता कुणाचं खरं धरायचं? पोर स्वतःच सांगतीय, आन ही नवऱ्याला चव्हाट्यावर मांडतीय. वन्सं वन्सं करत एवढी वर्षं माझ्या पुढं-पुढं केलंस निर्मला, पर मनात हे व्हतं व्हय? स्वतःचं पोर नाय म्हणून दुसऱ्याच्या पोरीवर हक्क सांगायचा, आन त्यापायी घरधन्याचं नाव घालवायचं."

"आक्का, ऱ्हाऊ दे," दादाभाऊ म्हणाला. "तिला लई लागलंय मनाला. झोप नाय तिला धा-बारा दिस."

त्याने तिची बाजू घेतली. सगळ्यांना तसंच वाटलं असणार. हौशीरामने तर मान हलवली आणि किती दिवसांनी भावाकडे मायेने पाहिलं. सूरज तेवढा अजून उभा होता, निर्मलाकडे आणि बहिणीकडे आळीपाळीने बघत. त्याला शंका होती. पण नुसती शंका घेऊन कुणी बापाच्या आणि आत्याच्या विरोधात किती वेळ उभं राहणार? शेवटी तो ओसरीत जाऊन मोबाईल बघत बसला.

तेजस्विनीने गुडघ्याखालच्या उशीवर कागद ठेवून सही केली. इंग्रजीत करायची ती, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढून. राज्याच्या संघात गेल्यावर सही मागतील म्हणून आठवीत असताना निर्मलाच्या हिशेबाच्या वहीवर तिने ती गिरवली होती.

तेवढ्यात आत गॅस पेटल्याचा आवाज आला. उज्ज्वलाने चहा ठेवला होता.

"काकी, मला मोरीपातूर न्या," तेजस्विनी म्हणाली.

निर्मलाने तिला काखेत धरून उठवलं. पोर वजनाला हलकी झाली होती. मोरीशी आल्यावर तिने दाराला हात टेकला आणि आत न जाता तशीच उभी राहिली. बाहेर दोघं भाऊ बोलत होते, पाण्याच्या पाळीबद्दल काहीतरी.

"का गं असं केलंस?" निर्मला म्हणाली. "मी खरं सांगत व्हते. मला खोटी पाडलीस त्याचं काय नाय. पर तुझ्या माथी का घेतलंस?"

"तुमी आधी का बोलला नाय मग?"

निर्मलाने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"मी बघत व्हते तुमच्याकडं, त्या दिवशी," तेजस्विनी म्हणाली. "म्हणलं, काकी आता हाक मारतील. एकदा जरी 'तेजू, थांब' म्हणला असता तरी मी थांबले असते. माझ्या तोंडातून निघत नव्हतं, म्हणून." तिने नाक पुसलं. "आता बोलून काय? धा वर्षं मी पाचला उठले. शाळेची सहल नाय, कुणाचं लग्न नाय. सगळी म्हणायची, परत्याची पुतणी. आता तुमी म्हणताय ते चुकले. ते चुकले तर मग माझी धा वर्षं काय व्हती, सांगा ना. गुडघा गेला तो गेला, काकी. बाकीचं तरी ऱ्हाऊ द्या माझ्याकडं."

निर्मलाने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. तेजस्विनीने तो धरला, पण तोल सावरण्यापुरताच, आणि सोडून दिला. "आईला हाक मारा," ती म्हणाली. "आजपासून तीच करू दे माझं."

चहा सगळ्यांनी घेतला. निर्मलाला कप उज्ज्वलाने हातात दिला नाही, शेजारी खाली ठेवला. निघताना हौशीराम भावाला दारापर्यंत सोडायला आला. तो म्हणाला, "झालं गेलं मनात धरू नको," आणि दादाभाऊ म्हणाला, "तू बी नको धरू." दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं. सहीचा कागद दादाभाऊच्या वरच्या खिशात होता.

नारायणगावपर्यंत मोटारसायकलवर दोघं काही बोलले नाहीत. टोमॅटोच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता, म्हणून दादाभाऊने गाडी कडेला घेतली. तेव्हाच त्याचा फोन वाजला. गाडी चालवताना तो फोन नेहमी निर्मलाच्या पिशवीत असायचा. अश्विनी होती, संस्कृतीची आई. संस्कृती नववीत, संघातली सगळ्यांत लहान चढाईपटू, तेजस्विनीची जागा आता तिचीच होणार असं सगळे म्हणत होते.

"काकी, सरांना जरा इचारा ना," अश्विनी म्हणाली. "संस्कृतीचा गुडघा दोन दिस झालं दुखतोय. आज पाचच्या सरावाला धाडू का नको?"

"धाडू नका," निर्मला म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की टोमॅटोच्या गाडीवरच्या माणसाने वळून पाहिलं. "आजिबात धाडू नका. डॉक्टरला दाखवा आधी. मी येते बरोबर, उद्याच जाऊ."

पलीकडे अश्विनी कुणाशी तरी दबक्या आवाजात काहीतरी बोलली.

"तसं नाय काकी," अश्विनी अवघडून म्हणाली. "अंजनाआत्यांचा फोन आला व्हता मघाशी, त्या सांगत व्हत्या तुमच्या मनाला लई लागलंय म्हणून. तुमी काळजी नका करू. सरांना द्या ना फोन. ते म्हणतील तसं करू."

"कोण हाय?" दादाभाऊने मागे हात केला.

निर्मलाने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. तिने आणखी काय सांगायचं ते शोधलं. चिठ्ठी सांगावी, मैदान सांगावं, तेजू सांगावी. पण ते सगळं तिने आज दुपारीच सांगून संपवलं होतं, आणि जिच्यासाठी सांगितलं तिनेच ते खोटं ठरवलं होतं.

तिने फोन दिला.

"हां अश्विनीताई," तो म्हणाला, आणि ऐकत राहिला. त्याचा चेहरा उजळला होता, सराव म्हटलं की उजळायचा तसा. "काय नाय वो, वाढत्या वयात दुखतं. पट्टी बांधून धाडा. मी हाय ना."

त्याने फोन तिच्या हातात परत दिला आणि बटण दाबून गाडी सुरू केली. निर्मला मागे तशीच बसून होती. येडगावला पोचायला अजून अर्धा तास होता, आणि साडेचार वाजले होते.